कंपनीचा हुकूम आणि सावकारांची वाट

इंदूर शहरातील छत्रीबागेत होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मरणार्थ बांधलेल्या दगडी छत्र्या आहेत. इंदूरचा इतिहास म्हटला की मल्हारराव, अहिल्याबाई, यशवंतराव ही नावे चटकन ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या छत्र्यांपासून फार लांब नसलेल्या सराफ्यातील पेढ्यांचाही एक इतिहास आहे. त्याची आठवण क्वचितच केली जाते, कारण व्यापाऱ्याचा इतिहास त्याच्या वह्यांत असतो आणि वह्या दगडाइतक्या टिकत नाहीत. १८२० च्या सुमारास सुरू होऊन १८३१ पर्यंत चाललेली एक विलक्षण ओढाताण या इतिहासात दडलेली आहे. तिच्या एका बाजूस हिंदुस्थानाचा बहुतेक भाग आपल्या वर्चस्वाखाली आणून बसलेली ईस्ट इंडिया कंपनी होती आणि दुसऱ्या बाजूस हाती शस्त्र नसलेले माळव्याचे सावकार होते. या ओढाताणीत कंपनी हरली, आणि हरल्यानंतर तिने जो मार्ग धरला त्याने मात्र तिला अपार पैसा मिळवून दिला.

प्रश्न होता विक्रीचा. एकाने पिकविलेला माल दुसऱ्याने विकत घ्यावयाचा, तिसऱ्याने वाहून न्यावयाचा, चौथ्याने दूरदेशी विकावयाचा, ही व्यापाराची जुनी रीत आहे. आजच्या कारखानदाराचे घाऊक विक्रेते, अडते व दुकानदार हे त्याच रीतीचे वारस होत. परंतु या मधल्या माणसांना आपल्याशी बांधून कसे ठेवावे? त्यांना हुकूम करावा, की त्यांच्याशी करार करावा, की त्यांच्या हिताची काही सोय पाहावी? कंपनीने हे तिन्ही मार्ग एकामागून एक माळव्यात करून पाहिले. म्हणूनच ही जुनी हकीकत आज पुन्हा सांगण्यासारखी आहे.

माल होता अफूचा. माळव्याच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत खसखशीचे पीक उत्तम येते. थंडीच्या आरंभी पेरणी होई, माघ-फाल्गुनात हिरव्या बोंडांना चिरे देऊन त्यांतून पाझरणारा चीक गोळा करीत. हा चीक वाळून जाऊ नये म्हणून तो जवसाच्या तेलात ठेवण्याची माळव्यात चाल होती. पुढे तो तेलातून निथळवून, मळून, त्याचे गोटे करीत व सावलीत सुकवून पेट्यांत भरीत. माळव्याच्या एका पेटीत सुमारे १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो अफू असे. तिचे मुख्य गिऱ्हाईक होता चीन देश. चीनच्या बादशहाने अफूच्या विक्रीवर १७२९ मध्येच बंदी घातली होती व पुढे आयातही निषिद्ध ठरविली होती. तथापि चोरटा व्यापार वाढतच गेला.

या व्यापारात कंपनीचा स्वतःचा मोठा हितसंबंध होता. बंगाल व बिहारमधील अफूचा मक्ता १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दीत तिने आपल्या हाती घेतला होता. तेथे रयतेला उचल द्यावयाची, सारा चीक ठरीव भावाने सरकारी कोठीत घ्यावयाचा, त्यावर कंपनीची मोहोर करावयाची आणि कलकत्त्याच्या लिलावात तो खाजगी व्यापाऱ्यांना विकावयाचा, अशी चोख व्यवस्था होती. चीनला जाणाऱ्या आपल्या जहाजांवर मात्र कंपनी अफू चढवीत नसे, कारण कँटनचा चहाचा व्यापार तिला धोक्यात घालावयाचा नव्हता. जोखीम खाजगी व्यापाऱ्याने घ्यावी आणि नफा लिलावातच पदरात पडावा, हे तिचे धोरण होते.

या सुखी व्यवस्थेला माळव्याच्या अफूने सुरुंग लावला. माळवा हा होळकर, शिंदे व अनेक लहानमोठ्या संस्थानिकांचा मुलूख. तेथे कंपनीचा मक्ता नव्हता. तेथील अफू पश्चिम किनाऱ्यावरून चीनला जाऊ लागली व बंगालच्या अफूपेक्षा स्वस्त पडू लागली. महिदपूरची लढाई डिसेंबर १८१७ मध्ये झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. होळकरांचे कारभारी विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांनी या तहाच्या वाटाघाटी केल्या. इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि शहराच्या पूर्वेस इंग्रजांची रेसिडेन्सी बसली. आता माळव्यात आपल्या शब्दाबाहेर कोणी नाही, असे कंपनीला वाटले. तेव्हा अफूचा प्रश्न एका फटकाऱ्यात मिटवावा असे तिने ठरविले.

परंतु कंपनी ज्या साखळीवर हात टाकीत होती तिची घडण तिला नीटशी ठाऊक नव्हती. ही साखळी शेतकऱ्याच्या दारापासून सुरू होई. पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी व सरकारसारा भरण्यासाठी गावचा वाणी शेतकऱ्याला उचल देई. त्या उचलीच्या बदल्यात चीक वाण्याकडे येई. वाण्याला पैसा पुरवी कसब्याचा सावकार. आणि त्या सावकाराची देवघेव असे इंदूर, उज्जैन, मंदसौर, रतलाम येथील मोठ्या पेढ्यांशी. मोठ्या पेढीची मुंबई, अहमदाबाद, पाली या ठिकाणी एकतर स्वतःची दुकाने असत किंवा विश्वासातले अडते असत. पैसा हुंडीने फिरे. माल पाठविण्यासाठी हुंडाभाड्याची पद्धत होती. म्हणजे वाटेतील सर्व जकाती, चौक्या व गाडीभाडे यांचा एकच ठोक आकार घेऊन माल ठिकाणी पोहोचविण्याचे कंत्राट एखादा व्यापारी पत्करी. मालाचा विमाही उतरविला जाई. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात माळव्यातील या हुंडी व विम्याच्या व्यवहारांची दखल घेतली आहे.

अशा साखळीत प्रत्येक दुवा दुसऱ्याला दोन गोष्टींनी बांधलेला असतो: आगाऊ दिलेला पैसा आणि वेळेवर आलेली बातमी. मुंबईचा भाव इंदूरच्या पेढीला सरकारी टपालाआधी कळावा यासाठी सावकार आपले कासीद धावडवीत. शेतकऱ्याच्या शेतात चीक गोळा होऊ लागल्यापासून ती अफू चीनमध्ये विकली जाऊन पैसा परत येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ लागे. एवढा काळ सर्वांनी एकमेकांवर विसंबून राहावयाचे, तर केवळ लेखी करार पुरत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, पेढीची पत आणि तंटा झाल्यास तो झटपट मिटविणारे पंच यांची तेथे गरज असते. इंदुरात पुढे व्यापाऱ्यांच्या अकरा पंचांची जी संस्था नावारूपास आली, तिचे मूळ याच गरजेत आहे. बाजारातील भांडण बाजारातल्या जाणत्यांनीच तोडावे, ही तिच्यामागची भावना होती.

कंपनीने पहिला मार्ग धरला तो खरेदीचा. १८२० नंतर माळव्यात अफूसाठी खास एजंट नेमण्यात आले. प्रथम जेम्स टेलर व त्याच्यामागून सॅम्युएल स्विंटन. बाजारात येणारी अफू कंपनीने स्वतःच विकत घ्यावी, म्हणजे खाजगी व्यापाऱ्याला माल उरणार नाही, असा हा बेत होता. वरवर पाहता तो सोपा होता. परंतु बाजारात एक अतिशय मोठे, श्रीमंत आणि माल घेतल्यावाचून ज्याला गत्यंतर नाही असे गिऱ्हाईक उतरले आहे, हे सावकारांच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. साहजिकच भाव चढले. भाव चढताच शेतकऱ्यांनी अधिक जमीन खसखशीखाली आणली. कंपनीला माल विकून सावकार नफा कमावी आणि उरलेला माल पुन्हा पूर्वीच्याच वाटेने समुद्राकडे धाडी. जे पीक आटोक्यात आणावयाचे तेच कंपनीच्या पैशावर वाढू लागले. प्रतिस्पर्ध्याला संपवावयास निघालेल्या कंपनीने त्याला भांडवल पुरविले, असेच या पहिल्या प्रयोगाचे फळ म्हणावे लागेल.

मग दुसरा मार्ग धरण्यात आला, तो हुकुमाचा. बाजार वश होत नाही, तर बाजाराचे धनी जे संस्थानिक त्यांनाच बांधून घ्यावे, असा विचार झाला. १८२४ ते १८२६ या काळात उदेपूर, कोटा, बुंदी, इंदूर इत्यादी दरबारांशी करार करण्यात आले. संस्थानांनी अफूचे पीक मर्यादित ठेवावे, ठरीव अफू कंपनीलाच द्यावी, आपल्या हद्दीतून दुसऱ्या कोणाची अफू जाऊ देऊ नये आणि त्याबद्दल नुकसानभरपाई घ्यावी, असा या करारांचा आशय होता. शिंदे सरकारने मात्र असा करार करण्याचे नाकारले. आणि शिंद्यांचा मुलूख माळव्यात इतरांच्या मुलुखाशी इतका गुंतलेला होता, की जाळ्याला हे एक भोक पुरेसे होते.

करार झाले, परंतु ते झाले दरबारांशी. विक्रीची साखळी ज्यांच्या हातात होती ते सावकार त्यांत नव्हते. ज्याच्या शेतात पीक होते तो शेतकरीही नव्हता. भरपाई दरबाराच्या खजिन्यात जाई आणि तोटा सोसावा लागे वाण्याला व रयतेला. नगद पैसा देणारे पीक गेले, तर सारा कशातून भरावयाचा, हा शेतकऱ्याचा प्रश्न कोणीच सोडविला नव्हता. परिणामी अफू बंद झाली नाही, तिने फक्त वाट बदलली. मुंबई बंदरातून खाजगी अफू नेण्यास बंदी होती व गुजरातच्या वाटांवर पहारे होते. तेव्हा सावकारांनी माल उत्तरेकडे वळविला. माळव्यातून मारवाडात पाली, तेथून जैसलमेरच्या वाळवंटातून उंटांवर लादून सिंधमध्ये कराची, आणि कराचीहून गलबतांनी पुन्हा दक्षिणेस पोर्तुगिजांच्या दमण बंदरात, असा हा शेकडो मैलांचा वळसा होता. नकाशा समोर ठेवून पाहिले म्हणजे या द्राविडी प्राणायामाची कल्पना येते. इंदूरहून समुद्र नैर्ऋत्येस आहे आणि माल निघे वायव्येस! सिंधच्या अमिरांना जकात मिळे, दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना महसूल मिळे, उंटवाल्यांना भाडे मिळे. या सर्वांना सावकाराने नफ्यात सहभागी करून घेतले होते. कंपनीच्या वाटेवर मात्र पहारेकरी, झडत्या आणि जप्ती यांखेरीज कोणाला काही मिळत नव्हते.

या धरपकडीमुळे माळव्यात असंतोष वाढला. खबऱ्यांना बक्षिसे द्यावी, तर त्यांनी खोट्या खबरा आणाव्या. तांडे अडवावे, तर त्यांच्याबरोबर हत्यारबंद माणसे असावी, असे प्रकार होऊ लागले. ज्या मुलखात नुकतीच शांतता स्थापन केल्याचा कंपनीला अभिमान होता, तेथे तीच अशांततेचे कारण होऊ लागली. अखेर लॉर्ड विल्यम बेंटिंकच्या कारकीर्दीत, १८२९-३० च्या सुमारास, कंपनीने हा सारा खटाटोप सोडून दिला.

तिसरा मार्ग परवान्याचा. सावकारांनी आपली अफू खुशाल मुंबईस न्यावी, तेथून चीनला धाडावी. फक्त इंदूरच्या सरकारी काट्यावर ती तोलून दर पेटीमागे १७५ रुपये भरावे व परवाना घ्यावा, असे ठरले. १८३०-३१ पासून ही पद्धत सुरू झाली. कंपनीने खरेदी सोडली, पीक मोजणे सोडले, संस्थानिकांच्या मागे लागणे सोडले. जे काम सावकार तिच्याहून चांगले करीत होते ते तिने त्यांच्यावरच सोपविले आणि स्वतःकडे एवढेच ठेवले की मुंबईची वाट मोकळी, जवळची व सुरक्षित असावी आणि तिची किंमत उघड व ठरीव असावी.

यातील शहाणपण बारकाईने पाहण्यासारखे आहे. परवाना घेण्याची सक्ती सावकारावर नव्हती. कराची-दमणची वाट त्याला उघडीच होती. त्याने मुंबईची वाट पत्करावी, ती त्यात त्याचा हिशेब जुळतो म्हणून. पहिली काही वर्षे तो पुरता जुळेना. १७५ रुपये अनेकांना जड वाटले आणि बराच माल दमणकडे जातच राहिला. तेव्हा कंपनीने पहारे वाढविले नाहीत. तिने १८३५ मध्ये दर उतरवून १२५ रुपये केला. त्यानंतर मुंबईची वाट वाढत गेली आणि दमणचा व्यापार ओसरू लागला. जे काम दहा वर्षांच्या जप्तीने झाले नव्हते, ते पेटीमागच्या पन्नास रुपयांच्या सवलतीने साधले. माल विकणाऱ्या मधल्या माणसाला किती उरते, हे त्याच्या जागी बसून मोजावयास कंपनी या वेळी प्रथमच शिकली.

साखळीचे दुसरे टोक मुंबईत व चीनमध्ये होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांत सर जमशेटजी जीजीभाई (१७८३ ते १८५९) यांचे नाव अग्रगण्य होते. १८०५ मध्ये चीनच्या सफरीवर असताना त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. त्या संकटात जुळलेली ओळख पुढे व्यापारी संबंधात परिणत झाली आणि १८३२ मध्ये स्थापन झालेल्या जार्डिन मॅथिसन पेढीचे जमशेटजी हे मुंबईतील मोठे आधारस्तंभ ठरले. गोमंतकात जन्मलेले रोजेरियो द फारिया हे मुंबईचे व्यापारी दमणमार्गे होणाऱ्या अफूच्या व्यापारात अग्रेसर होते. जैन व वैष्णव वाणी, पारशी, गोमंतकीय ख्रिस्ती, मुसलमान नाखवे आणि स्कॉटिश अडते अशी नाना धर्मांची माणसे या साखळीत होती. त्यांना एकत्र ठेवी ती पत.

परंतु पत समान असली तरी जोखीम समान नव्हती. मुंबईचा व्यापारी बहुधा माल अडतीवर पाठवी. म्हणजे चीनमध्ये विकला जाईपर्यंत मालकी त्याची, आणि कँटनच्या पेढीला विक्रीवर दलाली. भाव चढो वा उतरो, दलाली ठरलेली. ही विषमता १८३९ मध्ये उघडी पडली. चीनचा आयुक्त लिन झेश्यू याने कँटनजवळ वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. त्यांतील बराच माल मुंबईकरांचा होता. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून तो स्वाधीन करण्यात आला होता; तरी भरपाई मिळण्यास वर्षे लागली आणि मिळाली तीही अपुरी. साखळी ताणली गेली म्हणजे ओझे कोणाच्या खांद्यावर येते, हे त्या वेळी मुंबईच्या व्यापाऱ्यांना कळून चुकले.

माळव्याच्या सावकारांना तसाच अनुभव थोड्याच वर्षांत आला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि कराचीची वाट त्यांच्या हाती आली. सावकाराला आता दुसरा दरवाजा उरला नाही. त्याच वर्षी परवान्याचा दर २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. १८६१ पर्यंत तो ७०० रुपयांवर गेला. १२५ रुपयांच्या वेळी जी सवलत औदार्यासारखी दिसत होती, तिचे खरे कारण कराचीचे उंट होते! ज्याच्यापाशी पर्याय असतो त्याच्याशी सगळेच न्यायाने वागतात. पर्याय संपल्यावर जो न्यायाने वागतो त्याचीच भागीदारी खरी. कंपनी व तिच्यामागून आलेले ब्रिटिश सरकार या कसोटीस उतरले नाहीत.

आणि आणखी एक हिशेब आहे, जो या साखळीतल्या कोणत्याही वहीत लिहिलेला नव्हता. चीनमधील घराघरांत या मालाने काय केले, ते इंदूरच्या काट्यावर तोलले जात नव्हते. प्रत्येक दुवा आपापला व्यवहार चोख करीत होता. वाणी उचल देत होता, सावकार हुंडी सकारत होता, अडत्या पट्टी वेळेवर पाठवीत होता. एवढ्या प्रामाणिक माणसांच्या हातून एका परक्या देशाची एवढी हानी झाली, याचे कारण त्या साखळीत शेवटच्या माणसाचा विचार करण्याचे काम कोणाकडेच नव्हते. इकडे माळव्यातील शेतकरीही उचलीच्या ओझ्याखालीच राहिला. अफूच्या पैशातून मुंबईत दवाखाने, शाळा व धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांचा उपयोग असंख्य गोरगरिबांना झाला व होत आहे, परंतु बोंडाला चिरा देणाऱ्या हाताला त्यातले फार थोडे मिळाले.

१९०७ मध्ये ब्रिटन व चीन यांच्यात अफूचा व्यापार टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला आणि १९१३ मध्ये हिंदुस्थानातून चीनकडे जाणारी अफू थांबली. इंदूरच्या पेढ्यांनी आपले भांडवल कापसाकडे व कापडगिरण्यांकडे वळविले. अफूसाठी वापरलेली पत, हुंडीची शिस्त व बातमी राखण्याची सवय त्यांना तेथेही उपयोगी पडली. माल बदलला तरी माणसे जोडण्याची विद्या तीच राहिली.

आज जो कोणी आपला माल दुसऱ्याच्या दुकानातून विकू इच्छितो, त्याला या हकीकतीतून पुष्कळ घेता येईल. विक्रेत्याला उरेल एवढे सोडावे. भाव व अटी उघड असाव्या. बातमी दडवू नये. तंटा त्वरित व जाणत्यांकडून मिटवावा. जोखीम एकट्या दुबळ्यावर टाकू नये. कंपनीला यांतील पहिल्या दोन गोष्टी शिकावयास दहा वर्षे लागली, आणि बाकीच्या ती शिकलीच नाही. छत्रीबागेतील दगडांवर या पेढ्यांची नावे नाहीत. परंतु इंदूरला व्यापारी शहर म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, ती उभारण्यात कासिदाची वाट पाहत रात्री दिवा लावून बसणाऱ्या त्या मुनीम-गुमास्त्यांचाही वाटा आहे, आणि त्यांनी राखलेला शब्द व दुर्लक्षिलेले दुःख या दोहोंची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.